तांडेलांचा कटला

शेखर तांडेलला मासे धरता येत नाहीत, हे चाकणच्या त्याच्या कंपनीत कुणाला सांगूनही पटलं नसतं. आडनाव तांडेल, गाव रत्नागिरीकडचं, त्यात डब्यात अधूनमधून सुरमई. एवढ्या पुराव्यावर हा गडी समुद्रात पोहतच लहानाचा मोठा झाला, असं सगळे धरून चालले होते. शुक्रवार आला की कुणीतरी त्याला पापलेटचा भाव विचारी आणि शेखरही, जणू आपल्या दारातच होड्या लागतात अशा थाटात, तो सांगे. खरी गोष्ट अशी की त्याचे वडील ऐन तारुण्यात पिंपरीला नोकरीला आले ते इथलेच झाले. शेखर चिखलीत वाढला. समुद्राशी त्याची शेवटची गाठ अलिबागच्या सहलीत पडली होती, आणि तेव्हा लाँच धक्क्याला बांधलेली असतानाच त्याला उलटी झाली होती. कंपनीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. सासुरवाडीला ठाऊक होतं, कारण सहल सासुरवाडीबरोबरच गेली होती.

सासुरवाडी चऱ्होलीची, जुन्या शेतकरी घरातली. सासरे अर्जुनराव माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून त्यांनी मासमटण सोडलं होतं. सासूबाई सुभद्राबाई त्यांच्याहून कडक. त्यांनी तर कांद्यालासुद्धा संशयाच्या यादीत टाकलं होतं. "दर्याचा जावई केला," अर्जुनराव चारचौघांत म्हणायचे, "पर त्यो बादलीभर पान्याला बी भितोय." शेखर हसायचा. जावयाने हसायचंच असतं. पण घरी आल्यावर तो टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचा आणि प्राजक्ता, म्हणजे त्याची बायको, त्या वेळी त्याला काही विचारायची नाही.

तर या पार्श्वभूमीवर मे महिन्यात त्याने जेवताना जाहीर केलं की रविवारी आपण सगळे मासे धरायला जायचं.

कारण उघड मोठेपणाचं असलं तरी आतलं कारण वेगळं होतं. मुलगी उत्कर्षा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि तिने घरात बोलणं जवळपास बंद केलं होतं. भांडण वगैरे नाही. नुसते कानात इयरफोन आणि उत्तर भुवईने. उजवी भुवई वर म्हणजे हो, दोन्ही वर म्हणजे 'बाबा, प्लीज'. आता ही अकरावीला जाणार, मग बारावी, मग कुठेतरी होस्टेल, असा हिशेब शेखर मनात करी आणि घाबरून जाई. एक दिवस, नुसता एक दिवस, सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं आणि त्यात आपण बरे दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"मासे कोण धरणार?" प्राजक्ताने विचारलं.

"आपण."

"आपण म्हणजे?"

"मी," शेखर म्हणाला. "रक्तात असतं ते."

उत्कर्षाच्या दोन्ही भुवया वर गेल्या.

बातमी सोसायटीत पसरायला फारसा वेळ लागला नाही, कारण शेखरने ती स्वतःच लिफ्टमध्ये सांगितली. सोसायटीचे चेअरमन चिमाजी आपण होऊन घरी आले. चिमाजींनी आयुष्यभर एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या कपाटात असायला हवी याचं त्यांना ज्ञान होतं. मासे कधीच धरले नव्हते, पण त्याने सल्ला देण्यात काही अडचण येत नव्हती. कणकेच्या गोळ्यात हिंग घालायचा, म्हणाले. मासा वासावर येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनताई लातूरकडच्या. त्या म्हणाल्या, हिंग कशाला, लसूण घाला, तिकडं आमचे सगळे लसूणच घालायलेत. शेवटी दोघांचंही मन मोडायला नको म्हणून शेखरने दोन्ही घातलं आणि वर ओवा आपल्या मनाने. प्राजक्ताने तो गोळा हुंगून पाहिला आणि म्हणाली, मासे राहू देत, याचे पराठे छान होतील.

ऑनलाइन मागवलेला गळाचा रॉड आला. तो जोडायची पद्धत चित्रांत दिली होती आणि चित्रातला माणूस डावखुरा असावा. शेखरने तो जोडला, हॉलमध्ये एकदा फिरवून पाहिला, आणि गळ पंख्यात अडकला. पंखा सुदैवाने बंद होता. चिमाजी स्टूल घेऊन आले.

आता प्रश्न परवानगीचा. शेखर कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर ब्रेकचे सुटे भाग भिंगाखाली धरून त्यांच्यावरचे ओरखडे शोधायचे हे त्याचं काम. नियमाशिवाय त्याला पाणीसुद्धा पिववत नसे. चाकणच्या पुढे, वळणाच्या रस्त्याने आत गेल्यावर शेंदूरवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या तलावात मासे आहेत असं त्याने ऐकलं होतं. त्याने ग्रामपंचायतीला फोन केला. ते म्हणाले तलाव आमचा, पण पाणी दुसऱ्या खात्याचं. दुसरं खातं म्हणालं पाणी आमचं, पण मासे ठेकेदाराचे. ठेकेदाराने बऱ्याच प्रयत्नांनी फोन उचलला आणि आधी त्याचा विश्वासच बसेना.

"तुम्ही विचारून धरणार?" तो म्हणाला. "आजवर कुणी विचारलं नाही हो. धरा की. पण सध्या तिकडं—"

"थँक यू, थँक यू," म्हणून शेखरने फोन ठेवला. मिळालेल्या परवानगीवर चर्चा वाढवू नये, हे तो नोकरीत शिकला होता. पलीकडचं वाक्य अर्धवट राहिलं, याची त्याला पुढे फार वेळा आठवण झाली.

रविवारी सकाळी वाटेत चऱ्होलीला अर्जुनरावांना घेतलं. त्यांना नेण्याचा बेत नव्हता. पण प्राजक्ताने फोनवर सांगितलं मात्र, ते स्वच्छ धोतर नेसून, कापडी पिशवी घेऊन, गाडी यायच्या आधीच वेशीवर उभे होते.

"मामा, तुम्ही माळकरी," शेखर म्हणाला. "तुम्हाला चालतं का हे?"

"खायाची बंदी हाय. बगायची न्हाई," अर्जुनराव पुढच्या सीटवर बसत म्हणाले. "आमी इंद्रायनीत हातानं धरलेत मासं. तुमच्या या काठीचं काय खरं न्हाई."

शेंदूरवाडीचा तलाव लांबून दिसला तेव्हा शेखरने गाडीचा वेग आपोआप कमी केला. तलाव हिरवा होता. पाणी हिरवट असतं तसा नव्हे. लग्नाच्या मांडवात पुदिन्याच्या चटणीचं पातेलं असतं, तसा. काठाला तर त्या हिरव्याची जाड साय धरली होती आणि वाऱ्याने ती सुरकुतत होती. कुजक्या गवतासारखा आणि थोडा गॅसच्या सिलिंडरसारखा वास येत होता.

"हे असं का आहे?" प्राजक्ताने विचारलं.

"शेवाळ," शेखर म्हणाला. "पाणी जिवंत असल्याचं लक्षण."

"हिरवं पानी म्हंजी मासं खाऊनपिऊन असनार," अर्जुनरावांनी दुजोरा दिला. जावई आणि सासरा यांचं एकमत व्हायचा हा पहिलाच प्रसंग. दोघांनाही इतकं बरं वाटलं की त्या पाण्याची पुढे कुणी चौकशी केली नाही.

"मग म्हशी बाहेर का उभ्या आहेत?" प्राजक्ता म्हणाली.

खरंच, काठावर म्हशी उभ्या होत्या. मे महिन्याचं ऊन, समोर तलावभर पाणी, आणि म्हशी बाभळीच्या तोकड्या सावलीत दाटीवाटीने उभ्या राहून पाण्याकडे संशयाने बघत होत्या.

"नवीन असतील," शेखर म्हणाला.

कंपनीत केसाएवढा ओरखडा भिंगाने शोधणारा हा माणूस. त्याच्यासमोर अख्खा तलाव रंगवून ठेवला होता आणि त्याला त्यात काही खोट दिसली नाही.

बसायला सावली होती ती एका भल्यामोठ्या फ्लेक्सची. कुणा स्थानिक दादांचा वाढदिवस होऊन गेला होता. दादा काळा चष्मा लावून तलावाकडे हात दाखवत होते आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे पासपोर्ट फोटोंसारखे ओळीने मांडले होते. फ्लेक्स आधीच्या कुठल्यातरी लोखंडी फलकावर बांधला होता. त्याखाली सतरंजी पसरून प्राजक्ताने डबे मांडले. उत्कर्षा इयरफोन घालून बसली.

शेखरने गळ टाकला. म्हणजे पहिल्यांदा तो सतरंजीत टाकला, दुसऱ्यांदा दादांच्या चष्म्यात, आणि तिसऱ्यांदा पाण्यात. आणि मग आश्चर्य घडलं. मासे आले. आले म्हणजे पाण्याच्या वरच होते. आ वासून, तोंडं बाहेर काढून, काठाशी गर्दी करून. हिंग, लसूण, ओवा, त्यांना कशाचंही वावडं नव्हतं. एकामागून एक चिलापी वर येऊ लागल्या. काहींना तर गळही लागला नव्हता. दोऱ्याला टेकल्यासारख्या झाल्या आणि अर्जुनरावांनी हातानेच उचलल्या. शेखरला वाटलं, रक्तातलं म्हणतात ते हेच. पिढ्यांमागच्या कुणा तांडेलाचा हात आपल्या हातावर आहे, असं त्याला स्पष्ट जाणवलं. माशांना हवा कमी पडत होती, एवढी साधी गोष्ट त्या तांडेलाने त्याला सांगितली नाही.

मग तो मोठा आला. कटला होता, चांगला उशीएवढा. तो काठापासून जरा आत, कंटाळलेल्या माणसासारखा एका कुशीवर तरंगत होता. रॉड वाकला, शेखर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या हिरव्या सायीत उतरला आणि दोन्ही हातांनी त्याला कवेत घेऊन बाहेर आला. झटापट वगैरे काही झाली नाही. मासा बिचारा उलट मदतच करत होता.

"बाबा," उत्कर्षा म्हणाली. शेखरने वळून पाहिलं. तिचे इयरफोन गळ्यात लोंबत होते. "थांबा, फोटो काढते."

एवढ्यासाठी तो त्या तलावात गळ्यापर्यंतसुद्धा उतरला असता. दादांच्या फ्लेक्सपुढे, कटला छातीशी धरून, गुडघ्यापर्यंत हिरवे मोजे घातल्यासारख्या पायांनी शेखर उभा राहिला. वारा सुटला होता, फ्लेक्स फडफडत होता. अर्जुनराव शेजारी उभे राहिले आणि फोटोपुरता त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना अर्जुनरावांना चऱ्होलीला सोडलं. त्यांनी आपली पिशवी डिकीतून स्वतःच काढली, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणत, आणि चहालाही न बोलावता झपाझप आत गेले.

चिखलीत पोहोचेपर्यंत शेखरचे पाय खाजू लागले होते. ऊन लागलं असेल, त्याने ठरवलं. सोसायटीत शिरताच त्याने मासे वाटले. प्रत्येक दारावर जाऊन, "ताजे आहेत, आत्ताच धरलेत" असं सहज सांगतो आहोत असं दाखवत. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या. 'तांडेलसाहेब, शेवटी रक्त बोलतं,' असं चिमाजींनी लिहिलं, आणि शेखरने तो मेसेज वाचून मग पाय खाजवत पुन्हा वाचला.

प्राजक्ता चिलापी साफ करायला बसणार एवढ्यात उत्कर्षा स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात फोन होता आणि आवाज नेहमीचा नव्हता.

"आई, थांब. बाबा, हे बघा."

तिने फोटो मोठा केला होता. शेखरला वाटलं कटला बघायचा आहे. पण तिचं बोट त्याच्या डोक्यामागे होतं. वाऱ्याने फ्लेक्सचा कोपरा उचलला गेला होता आणि त्याखालच्या लोखंडी फलकावरची लाल अक्षरं दिसत होती. पहिली ओळ दादांच्या कोपराखाली गेली होती. उरलेली स्वच्छ वाचता येत होती: विषारी शेवाळ. पाण्यात उतरू नये. जनावरांना पाजू नये. मासे खाऊ नयेत.

"शिजवलं की जात असेल," शेखर क्षीणपणे म्हणाला.

"नाही जात. मी वाचलं आत्ता. उकळूनसुद्धा नाही. उलट्या होतात, लिव्हरवर परिणाम होतो. आणि बाबा, पायाला खाज येते."

शेखरने खाजवणं थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं.

ग्रुपवर लिहायला त्याने फोन घेतला, पण 'मासे खाऊ नका' हा मेसेज रविवारी संध्याकाळी कोण कधी वाचेल याचा भरवसा नव्हता. पाय साबणाने धुऊन, बाप आणि लेक पिशवी घेऊन दारोदार निघाले. दान दिलेली वस्तू परत मागायला जाताना चेहरा कसा ठेवावा, हे शेखरला कुणी शिकवलं नव्हतं. पहिलं दार चिमाजींचं.

"मासा?" चिमाजी घुटमळले. "त्याचं काय आहे, आमच्याकडे गोड्या पाण्यातलं चालत नाही. काटे फार. वाया जायला नको म्हणून मी तो चौथ्या मजल्यावर दिला."

चौथ्या मजल्यावरच्यांचा रविवारी उपास निघाला. त्यांनी तिसऱ्यावर दिला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार अर्धवट उघडलं आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग सांगितलं, की खरं सांगायचं तर तुम्ही धरलेला म्हटल्यावर जरा भीतीच वाटली. दारामागून दार शेखरला कळत गेलं की सोसायटीतल्या एकाही माणसाने त्याचा मासा ठेवून घेतला नव्हता. टाळ्या सगळ्यांनी दिल्या होत्या. खायची हिंमत कुणाची नव्हती. माणसं वाचली याचा आनंद मानावा की याचा अपमान, हे त्याला जिन्यात उभं राहून ठरवता येईना. त्याने दोन्ही थोडं थोडं मानलं.

सगळे मासे शेवटी सुमनताईंकडे जमले होते. त्यांना नाही म्हणता येत नसे. त्या सुरी हातात घेऊनच दारात आल्या.

"बरं झालं आलाव," त्या म्हणाल्या. "मी आत्ता फोन करणारच होते तुमाला. एवढे मासे दिलेत लोकांनी, म्हणलं तांडेलांनाच जेवायला बोलवावं."

शेखरने त्यांना सगळं सांगितलं. सुमनताईंनी सुरी ठेवली, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मासे पिशवीत भरून दिले. मग पिशवीत वाकून बघत म्हणाल्या, "पण तो मोठा कुठंय? फोटोतला?"

मागोमाग आलेले चिमाजीही म्हणाले, "मी विचारणारच होतो. आम्हाला बोटाएवढे वाटलेत आणि मोठा तुम्ही घरी ठेवलात, अशी लोकांत थोडी चर्चा होती."

मोठा घरी नव्हता. शेखरला वाटलं होतं प्राजक्ताने फ्रीजमध्ये ठेवला. प्राजक्ताला वाटलं होतं याने मोठेपणा करून चेअरमनना दिला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली आणि उत्कर्षा हळूच म्हणाली, "आजोबांची पिशवी येताना ओली होती."

 मग प्राजक्ता खुर्चीवर बसली. "दादा खाणार नाहीत," ती वडिलांबद्दल म्हणाली. "माळ आहे त्यांना." आणि थोड्या वेळाने, वेगळ्या आवाजात, "आई आज भजनाला गेलीय. उशिरा येईल."

अर्जुनराव फोन उचलेनात. सुभद्राबाईंना फोन करून काय सांगणार, की मामी, मामांनी गुपचूप मासा नेलाय, तेवढा विषारी आहे? शेखरने गाडीची किल्ली आणि जमवलेल्या माशांची पिशवी घेतली. उत्कर्षा न विचारता पुढे बसली. प्राजक्ता घरी राहून फोन लावत राहिली.

मोशीच्या चौकात कंटेनर आडवे लागले होते. एरवी शेखर अशा ठिकाणी नियमांवर बोलत बसे. आज त्याने कधी नव्हे तो हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. सासऱ्यांनी त्याला आजवर जे जे ऐकवलं होतं त्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. फक्त फोटोपुरता खांद्यावर पडलेला तो जड, खरबरीत हात आठवत होता.

"खाल्ला असेल तर?" तो म्हणाला.

"तर डॉक्टरकडे न्यायचं," उत्कर्षा म्हणाली. "मी बघून ठेवलंय, आळंदीत कोण उघडं आहे ते. तुम्ही समोर बघा."

चऱ्होलीत घराभोवती आता इमारती उठल्या होत्या; अर्जुनरावांच्या जुन्या रानात सातमजली टॉवर होते आणि मधे त्यांचं कौलारू घर चुकून राहून गेल्यासारखं. पुढचं दार बंद होतं. मागच्या गोठ्यात, जिथे आता भाडेकरूंच्या मोटारसायकली लागतात, तिथून धूर येत होता. हळद, तिखट आणि भाजत्या माशाचा वास भिंतीवरून येत होता.

शेखर धावला. तीन दगडांची चूल होती, तिच्यावर तवा, तव्यात कटल्याचे तुकडे. पुढे अर्जुनराव उकिडवे बसले होते. गळा मोकळा होता. माळ पेरूच्या फांदीला अडकवली होती, चुलीकडे पाठ करून. पहिला तुकडा बोटांत धरून, डोळे मिटून ते त्यावर फुंकर घालत होते. चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की शेखर क्षणभर थांबलाच. मग ते तोंड उघडू लागले.

"मामा, खाऊ नका, विष आहे," एवढं तो ओरडला आणि त्यांच्या हातावर झडप घालायला गेला. मोटारसायकलच्या स्टँडमध्ये पाय अडकला. तो चुलीवर पडला नाही, पण त्याचा हात तव्याच्या दांडीवर पडला. तवा उलटला, तुकडे राखेत गेले, शेखर शेणाच्या गोवऱ्यांवर, आणि अर्जुनरावांच्या बोटातला तुकडा कुठे उडाला तो शेवटपर्यंत सापडला नाही.

"खाल्लात का? आधी कुठला खाल्लात का?" शेखर गोवऱ्यांतूनच विचारत होता.

"न्हाई," अर्जुनराव सुन्नपणे म्हणाले. "ह्यो पयलाच व्हता."

शेखरने धापा टाकत फलकाचं सांगितलं. अर्जुनराव राखेतल्या तुकड्यांकडे बघत ऐकत राहिले. त्यांचा रंग उतरला होता, आणि तो विषाच्या नावाने की पुढच्या आवाजाने हे सांगणं अवघड आहे. कारण त्याच वेळी फाटकाची कडी वाजली आणि सुभद्राबाई हातात टाळ घेऊन आत आल्या.

त्यांनी चूल पाहिली. तवा पाहिला. राखेतला मासा पाहिला. मग नवऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं. अर्जुनरावांचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि तिथे काही न सापडल्यामुळे तसाच राहिला. या माणसाला गावात लोक वाकून नमस्कार करत होते. आज तो आपल्याच गोठ्यात, परीक्षेत चिठ्ठीसकट पकडलेल्या मुलासारखा उभा होता.

आता शेखरला सूड घ्यायला यापेक्षा चांगली वेळ आयुष्यात मिळाली नसती. बादलीभर पाण्याचं, अलिबागच्या लाँचचं, सगळ्याचं उट्टं एका वाक्यात निघालं असतं, आणि ते वाक्य खरंही होतं.

"मामी, चूक माझी," तो गोवऱ्यांतून उठत म्हणाला. "सोसायटीत वासाची कटकट होते, म्हणून इथे भाजायला आणला. मामा नको नको म्हणत होते. आमच्या ओढाताणीत तवा पडला."

"आणि आजोबांची माळ फांदीत अडकली," उत्कर्षा म्हणाली. तिने ती काढली, धुळीचा नसलेला कण झटकला आणि आजोबांच्या हातात दिली. चेहरा अगदी निर्विकार. इतकं सफाईदार खोटं तिला येतं याची बाप म्हणून शेखरला काळजी वाटायला हवी होती. त्याला भरून आलं.

मग सुभद्राबाईंनी जावयाला जे झापलं ते भिंतीपलीकडच्या टॉवरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. तुळशीचं अंगण, चार माणसांत नाव, जावयाचे संस्कार. अर्जुनराव आधी हातातली माळ चाचपत होते. मग माळ गळ्यात पडल्यावर त्यांना हुरूप आला आणि तेही सामील झाले. "आवो, मी म्हनलं ह्यांना, ह्या दारात ह्ये चालायचं न्हाई," ते बायकोला सांगू लागले. "पर ऐकतंय कोन." शेखर मान खाली घालून ऐकत होता आणि एका पायाने दुसरा पाय खाजवत होता.

"आता ह्ये काय नाचतंय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

उत्कर्षाने तलावाचं सगळं सांगितलं. फलक, शेवाळ, फ्लेक्स. आजोबांचं नाव न घेता. सुभद्राबाईंनी ऐकता ऐकता टाळ खाली ठेवले. नवऱ्याकडे त्यांनी एकदा फार वेळ पाहिलं. मग मोठ्या घमेल्यात स्वच्छ पाणी आणून जावयाला ओट्यावर बसवलं आणि पाय त्यात बुडवायला लावले. राखेतला मासा, सोसायटीतला मासा, सगळं त्यांनी आणि उत्कर्षाने मिळून परसात खोल पुरलं. हात साबणाने धुऊन सुभद्राबाईंनी पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. पहिलं ताट शेखरपुढे आलं, दुसरं उत्कर्षापुढे. अर्जुनराव मांडी घालून वाट बघत बसले.

"तुमचं व्हईल सावकाश," सुभद्राबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मगाशी लई घाई झाली असंल तुमाला."

 सुभद्राबाई पीठ घ्यायला आत गेल्या तसे अर्जुनराव सरकत सरकत ओट्यापाशी आले. शेखर पाय पाण्यात सोडून भाकरी मोडत होता; उत्कर्षा त्याच्या खांद्याला टेकून जेवत होती, इयरफोन गाडीतच राहिले होते. अर्जुनरावांनी आधी आत कानोसा घेतला. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या वेळी समोर फोटो काढायला कुणी नव्हतं.

"शेखरराव," ते हळूच म्हणाले, "तुमी जीव वाचीवला, त्ये इसरायचो न्हाई. पर वाईच दमानं पडला असता, तर निदान वास तरी पुरता घेतला असता."